दसरा ते पाडवा: शेतकरी गटाच्या भाजीचा २४ आठवड्यांचा हिशोब

लातूर शहरापासून जवळच, औसा तालुक्यातील सात शेतकऱ्यांचा एक गट शहरातील ४० कुटुंबांना दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत सेंद्रिय भाजीपाला पुरवतो. २०२४ च्या दसऱ्याला आम्ही या योजनेचे सभासद झालो आणि पहिल्या रविवारपासूनच मी एका वहीत नोंदी ठेवल्या: पिशवीत काय आले, त्याचे वजन किती भरले, त्यातले वाया किती गेले आणि तीच भाजी त्या दिवशी बाजारात काय भावाने होती. हे परीक्षण त्या वहीच्या आधारे लिहिले आहे.

योजनेचे स्वरूप आधी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक परिचितांनी तिची गल्लत घरपोच भाजी देणाऱ्या दुकानाशी केली. येथे आपण भाजी विकत घेत नाही, तर हंगामातला एक वाटा घेतो. एका वाट्याचे ७,२०० रुपये दोन हप्त्यांत भरावे लागतात आणि त्यातला पहिला हप्ता रब्बीच्या पेरणीपूर्वी द्यावा लागतो. त्या बदल्यात दर रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात एका पिठाच्या गिरणीच्या ओसरीवरून चार ते पाच किलोंची कापडी पिशवी घेऊन यायची आणि मागच्या आठवड्याची रिकामी पिशवी परत करायची. पिशवीत काय असेल हे आपण ठरवत नाही. त्या आठवड्यात शेतात जे निघेल ते सर्व सभासदांत सारखे वाटले जाते.

अशी पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेईकेई’ या नावाने रुजली आणि अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथील दोन शेतांनी ती सुरू केली, असे तिच्या इतिहासात सांगितले जाते. मला मात्र ती ओळखीची वाटली ती आपल्या बलुत्यामुळे. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा वाटा निघत असे आणि ज्या वर्षी रास लहान, त्या वर्षी बलुतेही लहान असे. येथे फरक इतकाच, की शहरातला माणूस पैसे आधी देतो आणि शेतकरी माल नंतर देतो. बलुत्याच्या व्यवस्थेत जी जातीची उतरंड होती ती येथे नाही, हे वेगळे सांगायला नको. पण कमी पिकले तर सर्वांनाच कमी, हे तत्त्व तेच आहे.

त्या तत्त्वाची परीक्षा दुसऱ्याच रविवारी झाली. परतीच्या पावसाने वाफे पाण्याखाली गेले, कोवळी मेथी आणि कोथिंबीर जागच्या जागी सडली आणि त्या आठवड्यात पिशवीच आली नाही. सभासद होताना दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिले होते, की पाऊस, गारपीट किंवा रोग यांमुळे झालेले नुकसान सर्वांनी सोसायचे आणि वाहतूक किंवा व्यवस्थेतल्या चुकीमुळे झालेले नुकसान गटाने भरून द्यायचे. कागदावर वाचताना हे कलम मला रास्त वाटले होते; रिकाम्या हाताने परत येऊन दुपारी घरी पिठले करताना ते तितकेसे रास्त वाटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आता पिशवीविषयी, कारण खरा आनंद तिच्यातच होता. पहिल्या महिन्यात भेंडी, गवार, दोडका, अंबाडी आणि काटेरी देठाची लहान वांगी आली. भेंडी ‘परभणी क्रांती’ या वाणाची होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले हे वाण पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून प्रसिद्ध झाले आणि ते संकरित नसल्याने शेतकऱ्याला त्याचे बी घरी धरता येते. गटातील दोन कुटुंबे हे बी स्वतःच राखतात. बाजारातल्या लांब, गुळगुळीत, गडद भेंडीपुढे ही भेंडी साधी दिसते, पण ती शिळी होण्याआधी आपल्या हातात येत असल्यामुळे तव्यावर तिला तार सुटत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र पिशवीने आमच्या घरातला जुना स्वयंपाक परत आणला. करडईची कोवळी पाने, हरभऱ्याची भाजी, चुका, चाकवत, शेपू आणि बांधावर आपोआप उगवलेली पाथरी, असे काही शहराच्या भाजी मंडईत एखाद्याच म्हातारीच्या पाटीत दिसते आणि तेही रोज नाही. करडईला काटे येण्यापूर्वीच तिची पाने खुडावी लागतात, त्यामुळे ही भाजी जेमतेम तीन आठवडे मिळते. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला अधिक फुटवे येतात, म्हणजे आपण जी भाजी खातो तिच्यामुळे शेतकऱ्याच्या हरभऱ्याचे नुकसान न होता झालाच तर फायदा होतो. माझ्या सासूबाईंनी ती भाजी वाळवून ठेवण्यासाठी ओसरीवर फडके अंथरले, तेव्हा त्यांचा या योजनेवरचा राग गेला असे मी समजले. ‘भाजीचे पैसे सहा महिने आधी कोण देतं?’ हा त्यांचा प्रश्न तोवर घरात रोज ऐकू येत असे.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या रविवारची पिशवी सर्वांत जड होती, सहा किलोंच्याही वर. ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, कांद्याची पात, गाजरे, मेथी, वांगी, म्हणजे भज्जीला, येळवशीच्या मिश्र भाजीला, लागणारे जवळजवळ सर्व काही तिच्यात होते. दुसऱ्या दिवशी, ३० डिसेंबरला, गटाने सभासदांना शेतावर बोलावले. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, नंतर ज्वारीच्या अंबिलीबरोबर सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे आणि भज्जी असे जेवण झाले. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवशीला कोणाच्या तरी शेतात जेवायला मिळतेच, त्यामुळे यात अप्रूप नसावे; परंतु ज्या शेतातली भाजी आपण अडीच महिने खात आहोत त्या शेतात बसून जेवताना नजर वेगळ्या गोष्टींकडे जाते, हेही खरे.

माझी नजर गेली ती बांधाकडे. शेजारचे शेत गटाबाहेरच्या शेतकऱ्याचे आहे आणि तो सोयाबीन व तुरीवर नेहमीची रासायनिक फवारणी करतो. वाऱ्यावरून ते औषध इकडे येऊ नये म्हणून गटाने त्या बाजूला शेवरीची दाट रांग आणि तिच्या आत तुरीचा पट्टा ठेवला आहे. त्या पट्ट्यातली तूर सेंद्रिय म्हणून विकत नाहीत, असे सांगण्यात आले. दोनशे लिटरच्या पिंपात जीवामृत हे पातळ खत मुरत होते. देशी गाईचे १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतले प्रमाण तेथे कोळशाने भिंतीवर लिहून ठेवले होते. किडींसाठी निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे आणि वांग्यात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे वापरतात.

तरीही वांग्यात अळी होतीच. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी आत शिरल्यावर बाहेरून लहानसे छिद्र तेवढे दिसते, त्यामुळे चिरल्याशिवाय काही कळत नाही. जानेवारीतल्या तीन पिशव्यांमधली निम्म्याच्या आसपास वांगी मला टाकावी लागली. मी हे सांगितल्यावर गटातल्या मावशी म्हणाल्या, “ताई, औषध मारलं नाही म्हणून तर अळी हाय.” हे वाक्य सेंद्रिय शेतीच्या बाजूने फार वेळा ऐकू येते आणि त्यात थोडा युक्तिवाद, थोडी पळवाट असते. अळी असणे हा औषध नसल्याचा पुरावा नव्हे. औषध मारलेल्या वांग्यातही ती सापडते. गटाने वांगी निवडून, किडलेली बाजूला काढून पाठवायला हवी होती. फेब्रुवारीपासून त्यांनी तसे केले आणि वजन कमी भरले तर त्याऐवजी पत्ताकोबी दिली. पत्ताकोबी इतकी दिली, की पाच आठवड्यांनंतर मुलाने तिचे नाव काढायला बंदी केली.

प्रमाणपत्राच्या बाबतीत वाचकांनी स्वतः चौकशी करावी, असा माझा आग्रह आहे. हा गट केंद्र सरकारच्या ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमी पद्धतीत नोंदलेला आहे. या पद्धतीत बाहेरची संस्था तपासणीला येत नाही. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो आणि त्याची जबाबदारी सामूहिक असते. रूपांतराच्या काळात ‘ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. आमच्या गटाकडे हंगामाच्या सुरुवातीला ‘ग्रीन’ दर्जाच होता, म्हणजे जमीन अजून रासायनिक शेतीतून बाहेर पडत होती. हे त्यांनी विचारल्यावर लगेच सांगितले, कागदही दाखवले. परंतु सभासद जमवताना वाटलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के विषमुक्त’ असे छापले होते आणि रूपांतराचा उल्लेख कोठेही नव्हता. ज्या माणसांच्या शेतात मी जेवले त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण पत्रक चूक होते आणि ते बदलायला हवे.

याच्या नेमका उलट अनुभव तूरडाळीचा आला. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जो तो आपली डाळ बोरसुरीची म्हणून सांगतो. गटाची डाळ, ज्वारी आणि लाकडी घाण्याचे करडईचे तेल वाट्याव्यतिरिक्त वेगळे विकत मिळते. डाळ घेताना मी मुद्दाम विचारले, तर विकणारा तरुण म्हणाला, “नाही ताई, ही आमच्या शिवारातली. बोरसुरी निलंगा तालुक्यात आली.” डाळ लवकर शिजते आणि चवीला गोडसर आहे. तेल महाग वाटले, पुन्हा घेतले नाही.

दुसरी पिशवी चुकली ती फेब्रुवारीत आणि त्याला पाऊस कारण नव्हता. टेम्पो आलाच नाही. गिरणीच्या ओसरीवर आम्ही पंधरा-वीस जण साडेदहापर्यंत उभे होतो, फोन कोणी उचलत नव्हते, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर खुलासा रात्री नऊला आला. कलमाप्रमाणे ही भरपाई गटाने द्यायची होती. ती मिळाली, पुढच्या दोन पिशव्यांत विभागून मिळाली, पण दोनदा आठवण करून दिल्यावर. शेती उत्तम करणाऱ्या माणसांना रविवारी सकाळी एक निरोप वेळेवर पाठवणे का जमू नये, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. ४० घरांसाठी एका माणसाकडे फक्त हेच काम सोपवले तर निम्म्या तक्रारी संपतील.

हिशोब असा. २४ रविवारांपैकी २२ रविवारी पिशवी मिळाली आणि भरपाईसह एकूण १०३ किलो भाजी घरी आली, म्हणजे किलोला सुमारे ७० रुपये पडले. तीच भाजी त्या त्या दिवशीच्या बाजारभावाने अंदाजे ४,९०० रुपयांना आली असती. तेव्हा सहा महिन्यांत आम्ही २,३०० रुपये जास्त दिले, आठवड्याला शंभराच्या आतबाहेर. वाया गेलेली वांगी धरली तर थोडे अधिकच. दुसऱ्या बाजूने पाहता ४० वाट्यांचे २,८८,००० रुपये सात कुटुंबांत विभागले तर प्रत्येकी सुमारे ४१,००० होतात आणि त्यातला अर्धा भाग बी, ठिबकच्या नळ्या आणि मजुरी यांसाठी ऐन पेरणीच्या वेळी, बिनव्याजी हातात येतो. जानेवारीत मेथीची जुडी बाजारात मातीमोल झाली, तेव्हा या सात कुटुंबांना ती फेकून द्यावी लागली नाही. वरचे शंभर रुपये मी त्यासाठी दिले असे धरते आणि ते मला जड वाटत नाहीत. ज्यांना वाटतील त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही.

ही योजना पाडव्याला थांबते, याबद्दल अनेक सभासद नाराज होते. वर्षभर भाजी देणाऱ्या सेवा शहरात आहेत, मग हे का देत नाहीत, असा प्रश्न शेवटच्या बैठकीत विचारला गेला. गटातल्या वडीलधाऱ्या मामांनी सर्वांना विहिरीवर नेले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच पाण्याने तळ गाठला होता आणि उरलेले पाणी जनावरांना आणि आंब्याच्या कलमांना पुरवायचे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या शहराने प्यायले आहे, त्या शहरात मे महिन्यात पालक मागणाऱ्याला यापेक्षा वेगळे उत्तर काय देणार? उन्हाळ्यात बाहेरून माल आणून आपल्या पिशवीत घालण्याचा सोपा मार्ग गटाने घेतला नाही, ही या सेवेची मला सर्वांत पटलेली बाजू आहे.

ज्या घरात रोज स्वयंपाक होतो, पालेभाजी निवडायला कोणाला तरी वेळ आहे आणि येईल ती भाजी खाण्याची तयारी आहे, त्या घराने वाटा अवश्य घ्यावा. पाहुण्यांची यादी पाहून भाजी ठरवणाऱ्यांनी, तसेच एकट्या राहणाऱ्यांनी घेऊ नये. तीन-चार माणसांच्या घराला डिसेंबर-जानेवारीतली पालेभाजी जास्त होते. आमच्याकडे दर आठवड्याला एखादी जुडी शेजारी जात असे. पुढच्या हंगामाची नोंदणी पोळ्याच्या सुमारास होते आणि जुन्या सभासदांना आधी विचारतात. या वेळी आम्ही त्याच शेजारणीबरोबर मिळून एक वाटा घेतला आहे. चाकवत तिच्याकडे जाईल, चुका आमच्याकडे राहील, आणि पत्ताकोबीचे अजून ठरायचे आहे.