चांदण्यांची नळी आणि बारा बाय सोळाची फ्रेम

धुळ्यात आग्रा रोडच्या मागील गल्लीतल्या एका फ्रेमवाल्याकडे मी स्पॅनिश चित्रकर्ती रेमेदिओस वारो यांच्या ‘पापिया एस्तेलार’, म्हणजे ‘ताऱ्यांची पेज’, या १९५८ सालच्या चित्राचे पोस्टर मढवायला दिले होते. काम वेळेत झाले, कोपऱ्यांचे सांधे बोट फिरवले तरी जाणवत नाहीत आणि साडेसहाशे रुपये रास्तच वाटले. तरीही मी पाचपैकी दोनच तारे देत आहे, कारण बारा बाय अठरा इंचांचे पोस्टर तयार बारा बाय सोळाच्या फ्रेममध्ये बसावे म्हणून, मला न विचारता, त्याची वरची दोन इंचांची पट्टी कापली गेली.

ढगांत अधांतरी असलेल्या मनोऱ्यात एक बाई एकटीच बसली आहे. छतातून वर गेलेल्या नळीतून तारे खाली उतरतात, एका हाताने यंत्राची दांडी फिरवत ती ते दळते आणि दुसऱ्या हातातील चमच्याने पिंजऱ्यातल्या चंद्रकोरीला भरवते. पोस्टर उलगडताच दुकानातल्या दादांनी विचारले होते, “ताई, हाई बाई शेवया करी ऱ्हायनी का?” मला हसू आले, पण निरीक्षण अचूक होते, उन्हाळ्यात बाजेच्या कडेला आवळून बसवतात त्या शेवयांच्या यंत्राचीच ही बहीण. वारो यांचे वडील जलअभियंता होते आणि त्यांचे आराखडे लहानपणी उतरवून काढलेल्या या चित्रकर्तीची यंत्रे दांडी धरली तर फिरतील अशीच वाटतात.

अनेक जण या चित्रात मातृत्वाचा शीण पाहतात, आणि बाईचा थकलेला चेहरा पाहता ते चूक म्हणता येणार नाही. मला मात्र त्यात परागंदा माणसाचे जगणे अधिक दिसते. यादवी युद्धानंतर हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतण्याची सोय उरली नव्हती, त्या राहत होत्या ते पॅरिस नाझींच्या ताब्यात गेले होते, म्हणून १९४१ च्या अखेरीस मेक्सिको गाठून, औषध कंपनीच्या जाहिरातींसाठी चित्रे काढत पोट भरलेल्या वारो यांच्या या चित्रात अन्न फार दुरून येते आणि ज्याला भरवायचे त्याला सोडवता येत नाही. बाईची खोलीही पिंजऱ्याहून फारशी मोठी नाही. हा सगळा अर्थ त्या नळीवर टांगलेला आहे. नळीचे तोंडच कापले की तारे कुठून येतात ते कळत नाही आणि खरोखरच शेवया करणारी बाई उरते.

दादांनी मोठी फ्रेम फुकट देऊ केली, पण कापलेली पट्टी तोवर रद्दीत गेली होती. तेथे काम द्यायचे असल्यास पावतीवर मापाशेजारी ‘कापू नये’ असे समोर उभे राहून लिहून घ्यावे.