पहाटेचं तासभर ध्यान: दिवाळी ते आषाढ वापरून झाल्यावर

आधी नेमकं काय वापरलं ते सांगतो. पहाटे पाचला उठून घरीच तासभर बसायचं. सुरुवातीला नाकपुडीपाशी श्वासावर लक्ष, मग टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लक्ष फिरवत न्यायचं, जे जाणवेल ते नुसतं पाहायचं आणि हलायचं नाही. शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग होता. फी माफक, आठवड्यातून एक सामूहिक बैठक, बाकी शंकानिरसन व्हॉट्सॲपवर. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराशी या वर्गाचा संबंध नाही, पद्धत मात्र त्याच गोत्रातली. दिवाळी उरकल्यावर सुरू केलं, आता आषाढ संपत आलाय. मी बडोद्याजवळच्या एका प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. रात्रपाळीच्या आठवड्यांत खाडे झाले, एरवी नेमाने बसलो.

मन शांत होतं का? होतं. झोप लवकर लागते, कंट्रोल रूममध्ये अलार्मची रांग लागली तरी माझा आवाज चढत नाही. त्यावर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते शरीराचं जे होतं त्याबद्दल. ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि झाल्यावर विचारलं तर जो तो आपापल्या पोतडीतलं उत्तर काढून देत होता.

पहिले काही आठवडे फक्त गुडघे आणि कंबर. ते अपेक्षितच. मग थंडी पडली आणि एका पहाटे माझे हात गेले. गेले म्हणजे मांडीवर ठेवलेले होते, पण कुठे संपतात ते कळेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवलेली आहेत हे ठाऊक होतं, तरी दोहोंमधली हद्द लागेना. उजवा पंजा फुगत फुगत मांडीभर पसरला, मग मांडीही त्यात गेली. डोळे उघडून पाहिलं तर हात तेवढाच, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळही जागच्या जागी. डोळे मिटले की पुन्हा फुगायला सुरुवात. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही.

पुढे हे वरचेवर होऊ लागलं आणि त्यात भर पडत गेली. पाठीच्या कण्यातून ऊब वर चढायची. दोन भुवयांच्या मध्ये कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखा दाब यायचा. छातीत ठोका पडला की सगळं धड मागेपुढे हलायचं. अचानक मान किंवा खांदा असा झटका द्यायचा की बाजूच्या खोलीतून बायको विचारायची, "अहो, पडलात का?"

आईने एकदा हा झटका प्रत्यक्ष पाहिला. तिचं निदान तयार होतं: "अरे, अंगात येतंय तुझ्या. कुलदेवीचं काही राहिलंय का बघ." दांडिया बाजारातले आमचे काका सकाळी ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. त्यांना सांगितलं तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुंडलिनी आहे. सहावा अध्याय वाच, सगळं दिलंय माउलींनी. आणि चारचौघांत बोलू नकोस." वर्गाच्या मार्गदर्शकांचं हिंदीतलं एकच उत्तर कायम यायचं: बहुत अच्छा संकेत है, बस देखते रहिए. माझा रिलीव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर माझ्या जागी येणारा भाई, म्हणाला, गॅस असेल, रात्री शेव-उसळ बंद कर. या चौघांपैकी एकानेही मी बसतो कसा, हे विचारलं नाही.

काकांशी मी वाद घालत नाही. सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर देहाचं काय काय होतं याचं वर्णन आहेच, आणि मला जे झालं ते तेच होतं की नव्हतं, हे ठरवणारा मी कोण! पण माझा धंदा मोजमापाचा. रीडिंग वेडंवाकडं आलं की आधी प्रोसेसवर संशय घ्यायचा नाही, सेन्सर आणि वायरिंग तपासायची. तेच मी इथे केलं.

हात फुगण्याचं कारण त्यातल्या त्यात सोपं निघालं. आपला हात कुठे आहे आणि केवढा आहे हे मेंदूला त्वचा, स्नायू, सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरींवरून कळतं, आणि या खबरी मुख्यतः बदलाच्या असतात. हालचाल थांबली की खबर मंदावते आणि मेंदूतला नकाशा धूसर होतो. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठ केवढा तरी सुजल्यासारखा वाटतो, आरशात पाहावं तर काही नाही. तिथेही खबरच बंद झालेली असते. मी मुद्दाम करंगळी किंचित हलवून पाहिली. क्षणात हात आपल्या मापावर आला. छातीच्या ठोक्याबरोबर धड हलणं हा तर भासही नाही. हृदय रक्त ढकलतं तेव्हा शरीर खरोखरच अगदी थोडं हलतं, ते यंत्रावर नोंदता येतं; एरवीच्या धावपळीत आपल्या लक्षात येत नाही इतकंच. भुवयांमधल्या दाबाचं म्हणाल तर माझे मिटलेले डोळे नकळत वर, आतल्या बाजूला वळलेले असायचे आणि कपाळ आक्रसलेलं. बुबुळं खाली सोडली की दाब निम्म्याने कमी. झटके बहुतेक वेळा झोपेच्या उंबरठ्यावरचे, रात्री डोळा लागता लागता पाय उडतो त्यातलेच. पहिल्या पाळीच्या आठवड्यात झोप अपुरी व्हायची आणि झटके वाढायचे, हे वहीत नोंदी ठेवल्यावर स्पष्ट दिसलं.

नादाचं सांगायला हवं. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस आमच्याकडे ध्यानाचा प्रश्नच नसतो. गच्चीगच्चीवर स्पीकर, 'काइपो छे'चा गदारोळ, कान किटून जातात. ते संपल्यावरच्या पहाटे बसलो तर उजव्या कानात बारीक, सलग, उंच पट्टीतला सूर. काकांच्या लेखी हा अनाहत नाद, कुणीही न वाजवता आतून ऐकू येणारा. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली की बहुतेकांचे कान वाजतात. हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? नाद सगळ्यांतच आहे, असंच तर म्हणतात." यावर मला उत्तर सुचलं नाही. सूर मात्र दिवसभर, एकाच कानात राहिला किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर तो कानाच्या डॉक्टरचा विषय.

इथवरचा सगळा मामला विचित्र असला तरी निरुपद्रवी. पुढच्या तीन गोष्टी तशा नाहीत.

पहिली श्वासाची. वर्गाने मध्येच एक 'शुद्धी सत्र' घातलं. जोरजोरात, खोल, न थांबता श्वास, बराच वेळ. काही मिनिटांतच ओठांभोवती मुंग्या, मग बोटांत. मग हाताची बोटं आपोआप ताठ होऊन एकमेकांना चिकटली, मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात गेला, आणि उघडायचा म्हटला तरी उघडेना. स्क्रीनवर दोघंतिघं रडत होते, त्यांना 'मुक्त होऊ द्या' अशी सूचना चालू. याचं कारण शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे: गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा विनाकारण पेटू लागतात. श्वास मंद केल्यावर माझे हात सुटले. ते सत्र मी पुन्हा केलं नाही आणि फिट्स येणाऱ्या, हृदयाचा त्रास असणाऱ्या किंवा गरोदर असलेल्या कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायाची. अर्धपद्मासनात, जाजमावर, तासभर. पाय बधिर होणं रोजचंच झालं होतं आणि 'वेदना अनित्य आहे, पाहा' हे वाक्य कानात. एके दिवशी बैठक संपली आणि दूधवाल्याची बेल वाजली म्हणून तसाच उठलो. डावं पाऊल वर येईना. टाच टेकायची, पण पुढचा भाग फटकन जमिनीवर आपटायचा. चप्पल पायात राहीना. मुंग्या गेल्या तरी पाऊल दुपारपर्यंत जड होतं. याला डॉक्टर फूट ड्रॉप म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाताला हाड लागतं, तिथून एक नस अगदी त्वचेलगत जाते आणि पाऊल वर उचलणारे स्नायू तीच चालवते. मांडी घालून बसलं की ती नेमकी दाबली जाते. बहुतेक वेळा आपोआप सुधारतं, पण रोज तासभर दाबत राहिलं तर आठवडे-महिनेही लागू शकतात. ही वेदना पाहत बसण्याची नाही, पाय सोडण्याची.

डॉक्टरांकडे बायकोने नेलं. रावपुऱ्यातले आमचे नेहमीचे डॉक्टर, त्यांनी पाय तपासला, मग विचारलं, "मुंग्या बसल्यावरच येतात की एरवीही?" एरवीही यायच्या, रात्री तळपायाला. मी त्या ध्यानाच्या खात्यात जमा करत होतो. रक्त तपासलं तर साखर ठीक, बी-१२ बरंच खाली. आम्ही शाकाहारी; भाजी, डाळ, भात यांतून बी-१२ मिळत नाही, दूध-दही तेवढं थोडंफार देतं. इंजेक्शनांनंतर काही आठवड्यांत तळपायाची 'ऊर्जा' ओसरली. बसल्यावरची सौम्य झिणझिण राहिली, ती वेगळी. वर्गात मुंग्या, प्रवाह, कंपनं यांचं कौतुक ऐकताना मला आता दरवेळी वाटतं, या मंडळींची साखर आणि बी-१२ कुणी पाहिलंय का?

तिसरी गोष्ट लिहावी की नाही यावर बराच घोळ घातला. माघात सलग मोठ्या बैठका झाल्या होत्या. फर्स्ट शिफ्टला निघालो, काळ्या घोड्याच्या सर्कलपाशी सिग्नलला थांबलो आणि सगळं सपाट झालं. रिक्षा, माणसं, सयाजीबागेची झाडं, सगळं दिसत होतं, पण खोली नव्हती. जणू मी सोडून तिथे कुणीच नव्हतं, आणि मीही धड नव्हतो. गाडी व्यवस्थित चालवली, पंच केलं, काम केलं. संध्याकाळी शिफ्ट सुटून घरी आलो तरी ते पुरतं उतरलं नव्हतं.

बडोदेकराला अशा वेळी अरविंद बाबू, म्हणजे योगी अरविंद घोष, आठवणारच. १८९३ ते १९०६ ते इथेच नोकरीला होते. दांडिया बाजारातलं त्यांचं घर आता अरविंद निवास म्हणून सगळ्यांना माहीत आहे. सुरतेची काँग्रेस फुटल्यावर, जानेवारी १९०८ मध्ये ते इथे आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर तीन दिवस बसले. विचार बाहेरून येतात, आत शिरण्याआधीच त्यांना परतवा, एवढी लेल्यांची सूचना. तीन दिवसांत मन निःशब्द झालं आणि जग पडद्यावरच्या पोकळ आकृत्यांसारखं दिसू लागलं, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलंय. त्यांच्या बाबतीत ती पायरी होती. कंट्रोल रूममध्ये प्रेशर पाहणाऱ्या माणसाला सिग्नलवर ती पायरी लागणं मला परवडणारं नाही. मानसोपचारवाले याच प्रकाराला डीरिअलायझेशन म्हणतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले लिंडाल, ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून अशा अनुभवांची ५९ प्रकारांत यादी केली. झटके, उष्णता, प्रवाह, शरीराच्या हद्दी पुसणं, जग खोटं वाटणं, सगळं त्यात आहे. ती यादी वाचून मला दिलासा मिळाला, कारण तिथे हे ना 'अच्छा संकेत' होतं ना भूतबाधा. कुणाला ते सुखाचं वाटलं, कुणाला महिनोन्महिने त्रास झाला, दोन्ही नोंदलंय.

मी वर्ग सोडला. बैठक वीस मिनिटांवर आणली, डोळे अर्धे उघडे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात अजिबात नाही. त्या सिग्नलवरच्या प्रकारानंतर दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं, नुसता सयाजीबागेत चाललो. तो प्रकार परत आला नाही. हात अजून अधूनमधून पसरतात, त्याची आता गंमत वाटते.

गुण द्यायचे तर ध्यानाला पाचपैकी साडेतीन, वर्गाला दीड. घ्यावं का? झोप नीट असेल, घरात कुणाला मोठा मानसिक आजार झालेला नसेल, तर जरूर, पण छोट्या बैठकांनी. झोपेची गरजच उरली नाही असं वाटू लागलं, डोक्यात वीज खेळल्यासारखा उत्साह दिवसेंदिवस टिकला, एकाच बाजूला बधिरपणा आला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर गुरू, काका, ग्रुप कुणालाही न विचारता दवाखाना गाठायचा. वर्ग लावणार असाल तर फी भरण्याआधी एवढंच विचारा, की बैठकीत कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता. माझ्या वर्गाकडे याचं उत्तर नव्हतं.

बसायला जाजम पुरत नाही. खंडेराव मार्केटच्या बाजूने कापसाची गादी-उशी भरून देणारे आहेत. त्यांच्याकडून घट्ट, चार-पाच बोटं उंच गोल उशी करून घ्या, गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत. मऊ घेऊ नका, महिन्यात बसते. खुर्चीवर बसलं तरी चालतं, वर्गवाले काहीही म्हणोत. आणि उठण्याआधी दोन्ही पावलं वरखाली हलवून बघा, दूधवाला थांबतो.