यूएसबी माइक आठेक महिने वापरून: आवाज चांगला, पण हेडफोन जॅकनं लई छळलं

माइक गेल्या आठवड्यात सर्व्हिसवरून परत आला. तवर मुद्दाम काही लिहिलं नव्हतं, कारण रागाच्या भरात एक स्टार देऊन मोकळी झाली असते आणि ते ह्या माइकवर अन्यायाचं झालं असतं. मॉडेलचं नाव घेत नाही. साडेचार हजाराच्या आसपास जे काळे यूएसबी कंडेन्सर माइक मिळतात, कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे, खाली गेनचा म्हणजे माइकनं आवाज किती उचलायचा त्याचा नॉब, वर टच म्यूट, मागं हेडफोन जॅक, त्यातलाच एक. स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील, ते परत लिहीत बसत नाही.

मी आणि धाकटा भाऊ मिळून दोन-तीन मिनिटांचे मराठी कार्टून व्हिडिओ करतो, सांगलीत विश्रामबागेत, घरीच. चित्रं आणि हालचाल त्याची, गोष्ट आणि आवाज माझ्याकडं. दिवसा मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, त्यामुळं रेकॉर्डिंग रात्री नायतर रविवारी. ह्यातून अजून एक रुपया आलेला नाही, सगळं पदरचंच घालायचं, म्हणून साडेचार हजार ही आमच्यासाठी मोठी रक्कम होती आणि ती नीट वसूल व्हावी एवढीच अपेक्षा होती.

ॲनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर, हे ज्यांनी करून बघितलंय त्यांना सांगायला नको. सेकंदाला २४ फ्रेम, दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी १२ चित्रं. एखादं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये बिघडलेलं निघालं आणि ते चित्रं झाल्यावर कळलं तर नवीन वाक्याची लांबी वेगळी येते, तोंडाच्या हालचाली वेगळ्या येतात, भावाची अख्खी रात्र जाते. म्हणजे जे काय बिघडायचंय ते बोलणारा माणूस समोर बसलेला असतानाच कळलं पाहिजे. ह्याच कारणासाठी मी हेडफोन जॅकवाला माइक घेतला, आणि माझं सगळं भांडण त्या जॅकचंच आहे.

ज्यांनी कधी लावून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माइकच्या जॅकमध्ये हेडफोन घातला की तुमचा आवाज कॉम्प्युटरला जायच्या आधीच थेट कानात येतो, उशीर नाही. तोच आवाज ऑडॅसिटीतून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून, फिरवून ऐकायला गेलं तर मागून येतो, आणि साधारण २०० मिलिसेकंद उशिरानं स्वतःचा आवाज ऐकू आला की चांगला बोलणारा माणूससुद्धा अडखळायला लागतो. ब्लूटूथ हेडफोनचं तर नावच काढू नका. साधा वायरचा, कान पूर्ण झाकणारा घ्या, उघडा घेतला तर त्यातला आवाज परत माइकमध्ये शिरतो.

पहिल्यांदा लावला तेव्हा आमची आजी म्हातारीचा आवाज देत होती. फोनवर रेकॉर्ड करायचो तेव्हा तिच्या वाक्यांमध्ये कुठंतरी बारीक किणकिण यायची आणि ती कशाची ते आम्हाला शोधून सापडत नव्हतं, फॅन बंद केला, घड्याळ काढलं, फ्रिज बंद केला. हेडफोन लावल्यावर पहिल्याच वाक्याला कळलं. आजी बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि तेवढ्यानं पाटल्या एकमेकींवर सरकतात. पाटल्या काढायला ती तयार नव्हती, मग वरून रुमाल गुंडाळला आणि काम झालं. भाच्याचं वेगळंच. सात वर्षांचं पोरगं, नुसता ओरडायचा. स्वतःचा आवाज कानात आला तसा गप्प झाला, मग हळूच "आत्या, मी असा बोलतोय व्हय?" म्हणाला, आणि त्या दिवसापासून कुजबुजीचे सीन इतके सुंदर करतो की मला परत सांगावं लागत नाही. ह्या दोन गोष्टींसाठीच माझे अर्धे पैसे वसूल झाले होते.

आता बाकीचं पटापट. गेन अर्ध्याच्या खाली ठेवा, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये आला पाहिजे, शून्याला टेकला की फाटला आणि फाटलेला परत शिवता येत नाही. सॅम्पल रेटचं सेटिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ किलोहर्ट्झ, विंडोजमध्ये पण आणि ऑडॅसिटीत पण, व्हिडिओला तेच लागतं. तोंडापासून एक वीत अंतर. ओरडायचा सीन असेल तर दोन वीत मागं, अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतं, नॉबला हात लावायची गरज पडत नाही. कॉलेजच्या एकांकिका केलेला एक मित्र राक्षसाचे आवाज देतो, त्याला तर तीन वीत लागतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावात पहिलं मराठी नाटक केलं, तवापासून इथल्या माणसाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय आहे, माइकसमोर मात्र तोच आवाज गेनला झेपत नाही.

माइकला जो स्पंजचा टोप येतो तो मला आधी पुरेसा वाटला होता, दुसऱ्या महिन्यात मत बदललं. इंग्रजीत प-ब पुरते बघतात, आपल्याकडं भ, फ, ध, घ, ठ सगळे हवा सोडणारे. "भाकरी" म्हटलं की धप्प. वेगळा जाळीचा पॉप फिल्टर अडीचशे रुपयाला मिळाला आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला, गालाकडं तिरका ठेवला, तेव्हा कुठं "भ" ठीक झाला. अंड्याचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला बरेच जण देतात, त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही, भिंत तेवढी खराब होते. बोलणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन जाड वाकळा टाकल्या की खोलीचा घुमारा जातो, आणि माइकची पाठ खिडकीकडं, कार्डिऑइड माइकला मागचं कमी ऐकू येतं. तरी उसाचा सीझन चालू असला की काही इलाज नाही, नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर गाणी लावून जात असतात, त्या दिवसांत रात्री अकराच्या पुढंच बसायचं. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आमच्यात अर्थिंग नीट नाही, चार्जर लावला की बारीक घूं येतो, काढला की गायब.

लिप सिंकला, म्हणजे आवाजाप्रमाणं चित्रातलं तोंड हलवायला, आम्ही रूबार्ब नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. वेव्ह फाइल दिली की कुठल्या क्षणाला तोंडाचा कुठला आकार ते काढून देतो, मूळ आकार सहाच. मराठीला फोनेटिक मोडवर ठेवा, दुसरा इंग्रजीसाठी आहे. आवाज स्वच्छ गेला तर आकार बऱ्यापैकी बरोबर येतात. "फणस" मधला फ ओठ मिटून आणि "ऑफिस" मधला दात ओठावर टेकवून, एवढं भाऊ हातानं बघतो.

आता मुख्य दुखणं. सहावा महिना संपत आला आणि हेडफोनमध्ये खरखर चालू झाली. वायर जरा हलली की डावा कान बंद. आधी वाटलं हेडफोन गेला, दुसरा लावला, तेच. वाईट भाग हा की खरखर फक्त कानात होती, रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. पण ते कळणार कसं? आजीचं एवढं छान वाक्य चाललेलं, रडवेला आवाज आपसूक लागलेला, आणि मी हात वर करून थांबवलं, कारण मला खरखर ऐकू आली. मागं जाऊन ऐकलं तर एकदम स्वच्छ. ते वाक्य परत तसं आलं नाही, येत नसतंय. पुढच्या पंधरवड्यात जॅक पूर्ण गेला.

वॉरंटी एक वर्षाची. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात, म्हणजे रजा, गाडीचं तिकीट आणि अख्खा दिवस. तिथल्या माणसानं लॅपटॉपला जोडलं, "हॅलो हॅलो" केलं आणि म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डिंग होतंय की. माइक ओके आहे."
"अहो, रेकॉर्डिंग होतंय, पण जॅक बंद आहे, मला ऐकू कुठं येतंय?"
"जॅक ॲक्सेसरीत येतो, वॉरंटीत नाही."

वॉरंटी कार्ड मी बरोबर नेलं होतं. ॲक्सेसरी म्हणून त्यात केबल, स्टँड आणि स्पंज लिहिलेत. जॅक माइकच्या अंगात सोल्डर करून बसवलेला आहे, बॉक्सवर मोठ्या अक्षरात त्याची जाहिरात आहे, त्याचेच हजार-बाराशे जास्त घेतात, आणि बिघडला की तो माइकचा भाग नाही म्हणायचं, हे मला अजिबात पटलं नाही. मी तिथंच लेखी मागितलं की वॉरंटी का नाकारताय ते कागदावर द्या. दिलं नाही. कंपनीला ईमेल केला, ठरलेलं उत्तर आलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली, बिल, कार्डचा फोटो, जॅकचा व्हिडिओ सगळं जोडून. त्यानंतर मात्र कंपनीचा स्वतःहून फोन आला, पिकअप घरून झाला, आणि तीनेक आठवड्यांनी माइक आला. जॅक नवीन आहे, दोन्ही कान चालू, आवाज पूर्वीसारखाच. पिकअपचे पैसे घेतले नाहीत.

म्हणून आधी ठरवलेला एक स्टार आता तीन करते. आवाजाला माझे पाचपैकी साडेचार आहेत, ह्या किमतीत माणसाचा आवाज एवढा जवळचा आणि भरीव मिळणं सोपं नाही. सर्व्हिसला मात्र काही देणार नाही. जे काम दुरुस्तीत झालं ते पहिल्याच दिवशी होऊ शकत होतं, आणि मधे आमचा एक व्हिडिओ दीड महिना लांबला.

नुकतीच सुरुवात करत असाल तर लगेच माइक घेऊ नका. पहिले दोन-तीन व्हिडिओ फोनवर करा, फोन एक वीत लांब, मागं वाकळ, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद कुणी काही बोलायचं नाही, ती शांतता ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागची खसखस कमी करणाऱ्या इफेक्टला, नमुना म्हणून लागते. तो पण जपून लावा, १२ डेसिबलच्या वर गेलं की शब्दांची टोकं खाल्ली जातात. एवढं करून हात बसला आणि तरी हौस टिकली तर पैसे घाला. आणि घालाल तेव्हा जॅकवालाच घ्या, एवढं होऊनसुद्धा माझं हेच म्हणणं आहे.

मी आता एक छोटी एक्स्टेन्शन वायर जॅकमध्ये कायमची घालून टेपनं स्टँडला बांधून ठेवलीय, ऐंशी रुपयाची, हेडफोन काढ-घाल त्या वायरीच्या टोकाला करायची म्हणजे मूळ जॅकवर ताण येत नाही. नवीन घेणाऱ्यांनी बॉक्स उघडल्या दिवशीच हेडफोन लावून पिन हळूहळू पूर्ण फिरवून बघा, वायर थोडी हलवा, जरा जरी खरखर आली तरी रिटर्नची मुदत आहे तवर परत करा, नंतर सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय राहत नाही.