पंक्चर घरी काढायचं तर रेमा टिप टॉपचं किट घ्या

सायकलच्या ट्यूबवर लावलेला पॅच बोट फिरवल्यावर हाताला लागू नये, एवढीच माझी पंक्चर किटकडून अपेक्षा होती. रेमा टिप टॉप या जर्मन कंपनीच्या टीटी ०२ किटमधले पॅच तसे बसतात. कडेला ते इतके पातळ होत जातात की पॅच कुठे संपला आणि ट्यूब कुठे सुरू झाली ते कळत नाही. जाड कडेचे पॅच टायरच्या आत घासून उचलले जातात. इथे तो प्रश्नच येत नाही.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. लेक कॉलेजला सायकलने जाते आणि मी रविवारी सकाळी खडकवासल्याकडे निघते. टेकडीच्या बाजूने गेलं की बाभळीचे काटे आणि हायवे ओलांडला की ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक तारा, यातलं काहीतरी लागतंच. जवळपास पंक्चरवाले आहेत, पण त्यांच्याकडे सगळा भरणा ट्यूबलेस गाड्यांचा. सायकलची ट्यूब म्हटलं की "ताई, संध्याकाळी या ना." पोरीचं लेक्चर सकाळी साडेसातला असतं!

किट नाना पेठेतून आणलं. खिशात मावेल एवढी डबी, आत लहानमोठे पॅच, सोल्यूशनची इवलीशी ट्यूब आणि पॉलिश पेपरचा तुकडा. साध्या किटपेक्षा महाग पडतं, पण पैसे वसूल होतात ते सोल्यूशनमुळे. हा नुसता चिकटवायचा गोंद नाही. सोल्यूशन आणि पॅचचं रबर एकमेकांत मिसळून गरम न करताच पक्कं होतं, म्हणून सांधा टिकतो. सोलून लावायचे स्टिकरसारखे पॅच मिळतात ते वाटेत घरापर्यंत पोहोचायला ठीक; घरी बसून काम करतोय तर ते नकोत.

दुकानदारांनी देतानाच बजावलं होतं, "घासा नीट, आणि सोल्यूशन सुकू द्या. लोक तिथंच घाई करतात." अगदी खरं आहे. भोकाभोवतीची चकाकी जाऊन ट्यूब मळकट काळी दिसेपर्यंत घासायची. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर पूर्ण सपाट करायची, नाहीतर तिच्या कडेने हवा निघत राहते. मग सोल्यूशनचा पातळ हात, पॅचपेक्षा थोडा मोठा. आणि आता थांबायचं, पाचेक मिनिटं. ओली चमक जाऊन थर निस्तेज झाला की पॅचची चंदेरी पन्नी काढून केशरी बाजू खाली लावायची आणि मधून कडेकडे अंगठ्याने जोर देत दाबायची. वरचा पारदर्शक कागद ओढून काढायचा हट्ट नको, कडा उचलते. शेवटी थोडी टाल्कम पावडर, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

यापुढचं किट करू शकत नाही, ते आपणच करायचं: पंक्चर कशाने झालं ते शोधणं. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरापाशी आहे ते बघून ठेवा. परातीत पाणी घेऊन ट्यूबचं भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून जेवढं लांब, तेवढंच अंतर टायरवर त्या अक्षरापासून मोजायचं आणि आतून कापसाचा बोळा फिरवायचा. तार असेल तर कापसाचे धागे अडकतात. ती चिमट्याने काढल्याशिवाय टायर चढवलं तर नवा पॅच लावूनही संध्याकाळी चाक बसलेलंच. भोकं शेजारीशेजारी दोन असतील तर काटा शोधूच नका. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली गेलीय. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय का बघा. आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली असेल तर पॅचच्या नादी न लागता नवी ट्यूब घ्या.

टायर खोलायच्या पट्ट्या माझ्या डबीत नव्हत्या. त्या प्लास्टिकच्या वेगळ्या घ्या. स्क्रू ड्रायव्हरने टायर उचकटलं तर ट्यूबला नवं भोक पडायची भीती. आमच्या सायकलींना मागच्या चाकाच्या नटला १५ नंबरचा पाना लागतो. पंप घेताना व्हॉल्व्ह बघून घ्या: जुन्या काळ्या सायकलींचा वेगळा, मोटारसायकलसारखा जाड वेगळा, रेसिंग सायकलींचा बारीक वेगळा. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

सोल्यूशनची ट्यूब एकदा टोचली की झाकण कितीही घट्ट लावा, काही महिन्यांत आतल्या आत वाळते. पॅच मात्र बरीच वर्षं टिकतात. त्यामुळे पुढच्या वेळी अख्खं किट न घेता सोल्यूशनची सुटी ट्यूब मागा, आणि ती टोचलेली नाही ना, ते दुकानातच बघून घ्या.