गेकोच्या टेरॅरियमला कोणती माती? तीन मिश्रणं आणि निचऱ्याचे पर्याय

टेरॅरियम म्हणजे झाडं लावलेली काचेची टाकी, आणि गेको म्हणजे तिच्यात पाळायची पाल. माती निवडण्याआधी पाल कुठली ते बघा. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलात झाडांवर राहणारा, तर लेपर्ड गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवरचा. दोघांना एकच थर चालत नाही. इथली तुलना मुख्यतः क्रेस्टेडसाठी आहे, ४५ × ४५ × ६० सेंमी टाकी धरून. या टाकीत १ सेंमी जाडीच्या थराला साधारण २ लिटर माल लागतो. सगळा हिशेब त्यावरच करा.

नुसतं कोकोपीट

म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही नर्सरीत मिळणारं. ६५० ग्रॅमची वीट भिजवली की साधारण ८ लिटर होते. पण कण बारीक असल्यामुळे काही महिन्यांत ते दबून बसतं, तळाशी हवा पोचत नाही, मुळं कुजतात आणि माती उकरली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. शिवाय नारळाची सोडणं अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावंच लागतं. मिश्रणातला घटक म्हणून उत्तम, पण एकटं घालू नका.

एबीजी मिश्रण

अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावाचं हे मिश्रण: वृक्षनेच्याचे (झाडासारख्या उंच नेच्याचे) तंतू २ भाग, ऑर्किडसाठीची झाडाची साल २, पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) १, स्फॅग्नम मॉस (तेच शेवाळ, न कुजलेलं) १, कोळसा १. टिकाऊपणात याला तोड नाही. तंतू आणि साल सावकाश कुजतात, म्हणून पोकळी वर्षानुवर्षं राहते. अडचण तंतूंची. ते महाग असतात, शिवाय सायथिया वंशाचे वृक्षनेचे साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना तयार पिशवी सहज मिळते; त्यांनी फार विचार न करता तीच घ्यावी.

घरी केलेलं मिश्रण

भारतात राहणाऱ्यांनी हे निवडावं, असं आमचं स्पष्ट मत. धुतलेलं कोकोपीट ४ भाग, सोडणाचे १ ते २ सेंमी तुकडे २, लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे १, जाड धुतलेली वाळू १, चाळलेलं पानांचं खत १. प्रत्येक भाग २ लिटरचा धरला तर १८ लिटर माल होतो. मिसळल्यावर तो आक्रसतो आणि ८ सेंमीच्या आसपास थर बसतो. वृक्षनेच्याचं काम इथे सोडणाचे तुकडे करतात, फक्त ते लवकर कुजतात, म्हणून अधूनमधून थोडी भर घालावी लागते. कोळसा साधा हवा, पेटवण्यासाठी रसायन लावलेल्या वड्या नकोत. गांडूळखताचा मोह टाळा. बंद टाकीत ते चिलटांना आमंत्रण देतं, आणि झाडांना गेकोची विष्ठा पुरते. कुंडीसाठीची तयार मातीही नको. तिच्यात रासायनिक खत आणि परलाइट (पांढरे हलके खडे) असतं.

ओल मुठीत तपासा. घट्ट दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा.

निचरा: क्ले बॉल, खडी की काहीच नाही?

इथे एक गैरसमज फार रुजलेला आहे. खाली खडी घातली म्हणजे वरची माती कोरडी राहते, असं नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. माती तळाशी पूर्ण भिजल्यावरच ते खाली झिरपतं. म्हणून निचऱ्यावर ३ सेंमी माती घातली तर ती सगळीच चिंब राहते, ८ सेंमी घातली तर वरचा भाग मोकळा राहतो. निचऱ्याचा थर म्हणजे फक्त जास्तीच्या पाण्याचं तळघर.

४ सेंमी थराला ८ लिटर लागतात. एवढी खडी १२ किलोच्या आसपास भरते, क्ले बॉल (भाजलेल्या मातीचे हलके गोळे) त्याच्या चौथाईच्या आसपास. काचेच्या तळाचा विचार करता क्ले बॉलच बरे. त्यांच्यावर फायबरची मच्छरजाळी कडेपर्यंत घाला. लोखंडी जाळी गंजते, आणि जाळीच नसेल तर माती खाली उतरून चिखल होतो. कोपऱ्यात २० मिमीचा पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा करा. साठलेलं पाणी सिरिंज आणि नळीने त्यातूनच काढायचं. पाणी जाळीला टेकू देऊ नका, माती ते परत वर ओढते. हाताने मोजून फवारणी करणाऱ्याला निचऱ्याचा थर वगळता येतो. स्वयंचलित फवारा असेल तर वगळू नका.

वर २ ते ३ सेंमी पाचोळा हवाच: साग, फणस किंवा देशी बदामाची औषधफवारणी न झालेली वाळकी पानं, १० मिनिटं उकळून. त्यात स्प्रिंगटेल (कीटकांसारखे अगदी बारीक जीव) आणि छोटे आयसोपॉड (ओल्या पाचोळ्यात राहणारे कवचाचे जीव) सोडा. बुरशी आणि विष्ठा तेच संपवतात. मग पाल सोडण्याआधी चार आठवडे थांबा. सुरुवातीला पांढरी बुरशी येते, ती बहुधा आपोआप ओसरते. मादी असेल तर मातीची खोली कमी करू नका. अंडी घालायला ती ओल्या मातीत उकरते, आणि नर नसला तरी निष्फळ अंडी घालू शकते. खाणं नेहमी वाटीत द्या, म्हणजे झडपेसोबत माती तोंडात जात नाही.

लेपर्ड गेको असेल तर

निचरा, मॉस, कोकोपीट सगळं बाजूला ठेवा. खत नसलेली चाळलेली लाल माती ३ भाग आणि वाळू १ भाग भिजवून ८ ते १० सेंमी ठोकून बसवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाल सोडू नका. झाडं कमी पाण्याची घ्या, हावर्थियासारखी, कुंडीसकट पुरलेली, म्हणजे पाणी कुंडीपुरतंच राहतं. ओल हवी ती फक्त एका बंद खोपटात, भिजवलेल्या मॉसने. कॅल्शियमची रंगीत वाळू मात्र अजिबात नको: पाल ती चाटते, आणि ती आतड्यात साचते.