न्हावा शेवाहून मशीन सोडवली, यावेळी बीपी न वाढता

या सीएचएंकडून (म्हणजे आपल्या वतीने कस्टमचे कागद करून बंदरातनं माल सोडवणारे एजंट) मागच्या महिन्यात आमची पाऊच पॅकिंग मशीन सोडवून घेतली, म्हणून लिहितोय. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, हळद न् मसाले पॅक करतो. वर्षातून एखादी मशीन चीनवरनं येते, त्यामुळे आमच्यासारख्या गिऱ्हाइकाला मोठे सीएचए दारात उभं करत नाहीत हे आधीच सांगतो. (आता म्हणे कस्टम्स ब्रोकर म्हणायचं, पण उरण-जेएनपीटीकडं अजून सगळे सीएचएच म्हणतात.)

पहिली मशीन दुसऱ्या एकाकडून सोडवलेली, नाव घेत नाही. जहाज लागल्यावर त्याला कळलं की आमचा आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) डिअ‍ॅक्टिव्हेट झालाय. काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर जाऊन तो अपडेट करायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, चूक माझीच, पण कागद त्याच्याकडं महिनाभर आधी पडून होते ना! बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज, पाच दिवस उशिरा गेलं. पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढं रोज १०,०००, म्हणजे ३५,००० नुसती लेट फी, वर सीएफएसचं (बंदराबाहेर माल ठेवतात त्या गोदामाचं) भाडं वेगळं, आणि बिलात शेवटी 'किरकोळ ४,५००', पावती विचारली तर हसला.

यांचं पहिल्या फोनलाच वेगळं वाटलं. मॅडमनी रेट सांगायच्या आधी आयईसी नंबर मागितला आणि बोलता बोलता चालू आहे का ते बघून घेतलं. मग म्हणाल्या, पेमेंट केलं नसेल तर थांबा, आधी प्रोफॉर्मा इनव्हॉइस (सप्लायरचं कच्चं बिल) पाठवा. त्यात सप्लायरने हीटर आणि टेफ्लॉन बेल्ट 'फ्री स्पेअर, व्हॅल्यू झिरो' असं लिहिलेलं, मी आपला खूश की फुकट मिळालं. त्या म्हणाल्या फुकट तुम्हाला, कस्टमला नाही, किंमत लिहायला लावा नाहीतर कस्टमची क्वेरी (शंका) पडणार. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा (लाकडाला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केल्याचा) शिक्का आहे का त्याचा फोटोसुद्धा माल निघायच्या आधी मागवून घेतला. आणि सप्लायर नेहमीसारखं विचारत होता की इनव्हॉइस कितीचं बनवू, कमी दाखवू का, तर यांनी सरळ सांगितलं की आमच्याकडं ते काम होत नाही, बँकेतनं गेलेले डॉलर आणि बिल ऑफ एंट्री आरबीआयच्या आयडीपीएमएस नावाच्या सिस्टीममध्ये जुळवतात, उद्या बँक तुम्हालाच विचारेल. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू, थोडा मोहही झालेला.

ड्युटीचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आला. बेसिक साडेसात टक्के, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग मशीनची किंमत धरून त्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), एकूण २७.७३५ टक्के. आमची असेसेबल व्हॅल्यू (ज्या किमतीवर ड्युटी लागते ती) ४,८०,००० धरली तर १,३३,१२८ भरायचे, पण त्यातले ९३,५२८ आयजीएसटीचे, ते आमच्या जीएसटीत क्रेडिटला मिळतात, म्हणजे खरा खर्च ३९,६०० चा. आधीच्या माणसाने हे कधी फोडून सांगितलं नव्हतं, मी आपला सगळाच खर्च समजून मशीनची कॉस्टिंग काढत बसलेलो. डॉलरचा भावसुद्धा गुगलवरचा नाही, कस्टमने जाहीर केलेला लागतो, त्यामुळे शेवटी हजार-बाराशेचा फरक पडला, तेवढं चालतं.

चेकलिस्ट (बिल ऑफ एंट्रीचा मसुदा) मला वाचायला पाठवली आणि 'ओके' लिहून दिल्याशिवाय फाइल केली नाही. जहाज लागायच्या आदल्या दिवसाच्या आत बिल ऑफ एंट्री गेलं. तरी क्वेरी पडलीच, मशीनचा कॅटलॉग मागितला. मला वाटलं आता न्हावा शेवाला पळायचं, पण हल्ली असेसमेंट फेसलेस आहे, फाइल दुसऱ्याच शहरातल्या ऑफिसरकडं असू शकते, कुणाला जाऊन भेटायचं काही नाही. यांनी ई-संचितवर (कस्टमला कागद ऑनलाइन द्यायची सोय) कॅटलॉग चढवला, दुसऱ्या दिवशी क्लिअर, ड्युटी मी कस्टमच्या आयसगेट साइटवर माझ्याच लॉगिनवरनं भरली. त्यांच्या खात्यात टाका असं म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं. पेटी उघडून तपासणी झाली, संध्याकाळी आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायची कस्टमची परवानगी. जहाज लागल्यापासून सहाव्या दिवशी मशीन कुपवाडात.

आता तक्रारी. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आणि आमचा ड्रायव्हर नेमका आठ वाजता सीएफएसच्या गेटवर अडकला, गेट पासची प्रिंट नव्हती, रात्र गाडीतच काढली बिचाऱ्याने. दुसरं म्हणजे एलसीएलचे (आपला माल इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधनं येतो त्याचे) डेस्टिनेशन चार्जेस, म्हणजे इकडच्या बंदरावरचे खर्च. चीनवाला फ्रेट जवळजवळ फुकट सांगतो आणि इकडचा कन्सॉलिडेटर (असा एकत्र माल आणणारा) डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर देताना सगळं वसूल करतो, हे यांनी सांगितलेलं, पण अंदाज १८,००० चा दिला आणि बिल आलं २६,४०० चं. पावत्या सगळ्या दाखवल्या, त्यांनी खाल्ले असं नाही, पण एवढी वर्षं काम करताय तर कोटेशन लेखी मागवून घ्यायला हवं होतं ना. स्वतःची फी ६,५०० घेतली, जीएसटी वेगळा, पहिल्याची ४,००० होती.

चार स्टार देतोय. एकाचा प्रश्न होता की कुरिअरने आलेल्या छोट्या पार्टसाठी यांच्याकडं जावं का, तर नको, ते कुरिअरवालेच क्लिअर करतात. पुढची मशीन दिवाळीनंतर येईल, यांनाच देणार, फक्त डेस्टिनेशन चार्जेस यावेळी मी स्वतः आधी कन्सॉलिडेटरकडून मेलवर घेणार आणि ड्रायव्हरला सकाळीच पाठवणार.