सैल स्की बूट गळ्यात मारले जातात ते असे

गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंग शिकायला जाणारा माणूस फसतो तो बहुतेक वेळा पैशांत नाही, मापात. भाडं ठरलं तेवढंच घेतात, बूटही स्वच्छ पुसलेले असतात. फक्त ते दोन नंबर मोठे असतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडतं.

दुकानात नेहमीच्या चपलेचा नंबर विचारतात. पाय कुणी मोजत नाही. आठ नंबर घालणाऱ्याचं पाऊल साधारण साडेसव्वीस सेंटीमीटर भरतं. स्की बुटाचं माप पावलाच्या सेंटीमीटरमधल्या लांबीवरच असतं, त्याला माँडोपॉइंट म्हणतात. म्हणजे त्याला २६.५ हवा, पण समोर येतो २८.५. मोठा बूट चटकन पायात जातो, आणि रांग लागलेली असताना एकेका पायावर दहा मिनिटं घालवायला कुणी तयार नसतं. वर “थंडीत जाड मोजे घालाल, जरा मोकळा असू द्या” हा सल्ला. शाळेचे बूट वाढत्या मापाचे घ्यायची सवय असलेल्या आपल्या माणसांना तो लगेच पटतो.

खरा घोळ उतारावर कळतो. सैल बुटात टाच उचलली जाते. ती दाबून धरायला माणूस पावलावरची खालची दोन बकलं करकचून आवळतो. त्यामुळे पावलाच्या वरच्या भागातलं रक्त अडतं, बोटं बधिर आणि गार पडतात. बकलं सोडली की पाय पुढे घसरतो, अंगठा बुटाच्या बाहेरच्या कडक कवचावर आपटतो, नख काळंनिळं होतं. नडगीही पुढच्या पट्ट्यावर सारखी आदळत राहते. वळायला गुडघा वळवला तरी पाय बुटातल्या बुटातच फिरतो, स्की सरळच जाते. बोटं दुखतात म्हणजे बूट लहान, असा उलटा अर्थ काढून तो संध्याकाळी आणखी मोठा बूट मागतो आणि दुकानदार आनंदाने देतो. चवडा रुंद असणाऱ्यांचं तर हमखास असंच होतं. त्यांना लांब नव्हे, रुंद साच्याचा बूट लागतो. चवड्याजवळची आतली रुंदी ९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ आणि पुढे रुंद.

दुसरी फसवणूक अर्ध्या नंबरची. तक्रार केली की “अर्धा नंबर लहान देतो” म्हणून वरचे पैसे घेतात. बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच बहुतेक कंपन्या पूर्ण मापातच बनवतात. २६ आणि २६.५ चं कवच एकच, फरक असतो तो आतल्या तळव्याचा किंवा लायनरचा, म्हणजे कवचाच्या आत बसणाऱ्या मऊ बुटाचा. टाचेच्या बाजूला प्लॅस्टिकमध्येच तळाची लांबी उठवलेली असते, उदाहरणार्थ ३०५ मिमी. दोन्ही बुटांवर तोच आकडा दिसला तर कवच बदललेलंच नाही.

माप तपासायचं ते कवचात. लायनर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा, गुडघा वाकवा आणि टाचेमागची फट पट्टीने मोजा. नवशिक्याला दीड ते दोन सेंटीमीटर ठीक. अडीचच्या वर गेली तर तो बूट परत करा, मग दुकानदार काहीही म्हणो. लायनर घालून पाहताना पायात एकच पातळ, लांब मोजा हवा. थर्मलची कड बुटाच्या वर राहिली पाहिजे. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, आधी घोट्याजवळचं बकल लावा, मग वरचं, आणि खालची दोन नुसती अडकवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच लागतात आणि गुडघे वाकवले की सुटतात, तो बूट तुमचा. पहिली पाच मिनिटं तो घट्ट वाटणारच. वापराने लायनर दबतो, म्हणून दुकानात मऊ गादीसारखा वाटणारा बूट दोन दिवसांत ढिला होतो. दहा-पंधरा मिनिटं घालून उभे राहा. एखाद्या ठिकाणी टोचतंय का, तेवढं बघा.

‘एकच सीझन वापरलेले’ म्हणून विकतात त्या जुन्या बुटांना भुलू नका. पॉलियुरेथेनचं कवच नुसतं ठेवूनही दमट हवेने आतून कमकुवत होतं आणि थंडीत उतारावर अचानक तडकतं. बकलांचे रिबिट आणि घोट्याचा सांधा यांभोवती केसासारख्या चिरा शोधा. तळाचं पुढचं टोक झिजून गोल झालं असेल तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, माणूस पडताना पाय नीट सोडत नाही.

बाइंडिंगची गोष्ट सगळ्यात गंभीर, आणि तिथेच सर्रास टाळाटाळ होते. ते किती जोरावर सुटावं, हे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरतं. बूट बदलला आणि तळाचा आकडा बदलला, की बाइंडिंग पुन्हा लावून घ्यावंच लागतं. “चालतंय” म्हणून तसंच बसवलेलं बाइंडिंग एक तर मधेच सुटतं, नाहीतर सुटतच नाही, आणि मग गुडघ्याचा लिगामेंट फाटतो. स्क्रू तुमच्यासमोर फिरेपर्यंत दुकानातून हलू नका.

घरून निघण्याआधी टाच भिंतीला लावून, पूर्ण वजन देऊन, दोन्ही पावलं मोजा; जे लांब भरेल ते माप कागदावर लिहून न्या. सोबत एक लहान पट्टी असू द्या. आठवडाभराचं भाडं एकदम देऊ नका. पहिल्या दिवसाचेच पैसे द्या आणि संध्याकाळी बूट बदलता येईल का, हे पैसे देण्याआधीच विचारा.